‘वैयक्तिक कारणास्तव’ : एचआरच्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
कारखाने, गोदामं, हॉटेलं आणि माणसं पुरवणाऱ्या एजन्सींच्या एचआर-ॲडमिनमधली सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

मागे एका युनिटमधून माझ्याकडे एकदम नऊ राजीनामे आले. मी पीएफ आणि ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची आणि राज्य विम्याची, कामं करते. तुम्ही महिन्याच्या महिन्याला हजेरीची शीट पाठवता, मग रिटर्न भरून चलन काढणारी जी बाई फोनवर ‘अहो, या माणसाचा आधार नंबर चुकलाय’ म्हणून भंडावते, ती मी. राजीनामे फाईलला लावायला आले होते. नऊच्या नऊ टाईप केलेले, एकाच तारखेचे, एकाच मजकुराचे : “मी माझ्या वैयक्तीक कारणास्तव स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे.” ‘वैयक्तिक’मधली वेलांटी नऊही कागदांवर दीर्घ. म्हणजे नऊ माणसांना एकाच दिवशी घरची अडचण आली आणि नऊही जणांचं शुद्धलेखन एकाच ठिकाणी चुकलं. खालच्या सह्या तेवढ्या वेगळ्या. एका बाईंनी अंगठा दिला होता, आणि त्यांनी तो मजकूर वाचून दिला असेल असं मानायला माझं मन तयार नाही.

त्या महिन्यात त्या युनिटची एक लाईन बंद झाली होती. मोठी ऑर्डर गेली, माणसं जास्त झाली, नऊ जणांच्या हातात नारळ दिला. धंद्यात असं होतं. माणसं कमी करावीत की नाही, याचा वाद मी या पत्रात घालणार नाही, तो निर्णय बहुतेक वेळा तुमच्या हातातही नसतो. वरून आकडा येतो, नावं काढायला तुम्हाला बसवतात आणि सगळ्यांचे शिव्याशाप तुम्ही खाता. माझं म्हणणं त्याच्या नंतरच्या कागदाबद्दल आहे. माणूस कमी केला असेल तर ‘कमी केला’ असं लिहा. त्याच्याकडून ‘मी सोडली’ असं लिहून घेऊ नका.

एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला, असं वाटेल. तर त्या नऊ कागदांनी काय काय गेलं ते सांगते.

ईएसआयमध्ये बेकारीच्या दोन योजना आहेत, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांना त्यांची नावंही ठाऊक नसतात, हा माझा अनुभव. पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 1 एप्रिल 2005 पासूनची. कारखाना बंद पडला, छाटणी झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने किमान 40 टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर ही लागू होते. जास्तीत जास्त 24 महिने भत्ता, सुरुवातीला मजुरीच्या निम्म्याने, आणि तोवर स्वतःला व घरच्यांना दवाखाना. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 1 जुलै 2018 पासून. तिचा आवाका मोठा, रक्कम लहान. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. सुरुवातीला ती सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के देत होती. 2020 साली कोरोनाच्या टाळेबंदीत नोकऱ्या गेल्या तेव्हा ते 50 टक्के केले. तेव्हापासून या सवलतीच्या मुदती वेळोवेळी वाढवण्यात आल्या, त्यामुळे कुणाला सांगताना त्या दिवशीचा चालू आदेश बघूनच सांगा.

आता पहिल्या योजनेकडे पुन्हा बघा. बंद पडणं, छाटणी, अपंगत्व. यात ‘वैयक्तिक कारण’ कुठे बसतं? कुठेच नाही. राजीनाम्याचा कागद समोर आला की दोन वर्षांपर्यंत चालू शकणारा भत्ता तिथल्या तिथे संपला. दुसऱ्या योजनेची अट अशी की, बेकारी ही गैरवर्तनाची शिक्षा, सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यांतून आलेली नसावी. मग ‘स्वखुशीने’ असं स्वतःच्या सहीने लिहून दिलेल्या माणसाने, ‘साहेब, मी खुशीने नव्हतो गेलो’ हे कुणाला कसं पटवायचं? त्याच्याकडे कागद एकच असतो, तो तुम्ही टाईप केलेला असतो आणि तो त्याच्या विरुद्ध बोलतो.

रक्कम किती, असाही प्रश्न येतो, आणि जरा तुच्छतेनेच येतो. महिना 18,000 रुपये पगाराची एक मुलगी धरा, पॅकिंगला. तिच्या पगारातून दर महिन्याला 0.75 टक्के म्हणजे 135 रुपये ईएसआयला जातात. कंपनीचे 3.25 टक्के म्हणजे 585. अटल योजनेत सरासरी काढताना आधीच्या चार कॉन्ट्रिब्युशन पिरियडमधली (वर्गणीचा सहा-सहा महिन्यांचा काळ), म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई 730 ने भागतात. तिचे दिवसाला साधारण 592 रुपये बसतात. निम्मे धरले तर 296. नव्वद दिवसांचे 26,600 रुपयांच्या आसपास. खोलीचं भाडं आणि किराणा भागवून दुसरं काम शोधायला तीन महिने मिळतात. तुमच्या-माझ्या दृष्टीने ही रक्कम थोडी असेल. तिच्या दृष्टीने मिळेल त्या पहिल्या कामाला, मिळेल त्या पगारात लागायचं की जरा थांबून बघायचं, एवढा तो फरक आहे.

आणि हे पैसे तुमच्या मालकाच्या खिशातून जात नाहीत. ही गोष्ट मला अधोरेखित करायची आहे, कारण तुमच्यातल्या कित्येकांचा समज उलटा आहे. एका एचआर साहेबांनी मला स्पष्ट विचारलं होतं, “मॅडम, यांनी क्लेम केला तर आपलं कॉन्ट्रिब्युशन वाढणार नाही ना?” नाही वाढणार. अमेरिकेत तसं असतं. तिथे एखाद्या कंपनीच्या माणसांनी बेकारीचे दावे जास्त केले की त्या कंपनीचा बेकारी कर चढतो, त्यामुळे तिथल्या कंपन्या दाव्यांना हरकती घेतात, त्यासाठी वकील लावतात. वाईट असेल, पण त्यामागचा हिशोब तरी समजतो. आपल्याकडे ईएसआयचा दर सर्वांना सारखा. जुलै 2019 पासून 3.25 टक्के, मग तुमच्या माणसांनी शून्य दावे करोत की शंभर. हप्ता भरून झालेला आहे. विमा उतरवून ठेवायचा आणि घर जळाल्यावर ‘आग लागलीच नव्हती’ असं लिहून द्यायचं, असला हा प्रकार आहे.

मग राजीनामे का घेतले जातात? खरं कारण तुम्हालाही ठाऊक आहे. छाटणी म्हटली की भरपाई आली. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली तरतूद आली तेव्हापासून हे चालत आलंय : सलग वर्षभर काम केलेल्या, म्हणजे 240 दिवस भरलेल्या कामगाराला कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने हा हिशोब तसाच ठेवला आणि वर एक भर घातली : छाटणी झालेल्या कामगारापोटी मालकाने आणखी 15 दिवसांचा पगार री-स्किलिंग फंडात, म्हणजे नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत, भरायचा आणि तो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा. राजीनामा घेतला की हे सगळं वाचतं. सहा वर्षं काम केलेल्या माणसामागे नोटीस धरून चार महिन्यांचा पगार तरी वाचतो. लहान मालकाला हा आकडा जड जातो, हे मला मान्य आहे. ज्यांची बिलं सहा-सहा महिने अडकतात अशा वर्कशॉपवाल्यांचीच कामं मी करते. पण भरपाई परवडत नसेल तर त्यावर समोरासमोर बसून बोलता येतं. हप्ते पाडून मागता येतात. माणसं ऐकतात हो. एका फाउंड्रीत चार हप्त्यांवर तोडगा निघालेला मी पाहिलाय, आणि तिथल्या लोकांनी जाताना मालकाला शिव्या दिल्या नाहीत. भरपाई बुडवण्यासाठी माणसाकडून खोटं लिहून घेणं ही काटकसर नव्हे, ती सरळसरळ बुडवाबुडवी आहे. वर त्याच खोट्याने त्याचा सरकारी भत्ताही बुडतो, ज्यात तुमचा दमडीचा फायदा नाही.

आणि हे तरी वर्ष-दोन वर्षं काम केलेल्यांचं झालं. सात-आठ महिन्यांच्या पोरांकडूनही तुम्ही राजीनामा घेता त्याचं काय? ज्याचे 240 दिवसच भरले नाहीत त्याला छाटणीची भरपाई लागू होत नाही. तिथे खरं लिहिल्याने तुमचा एक रुपया जात नाही, तरी तोच छापील कागद पुढे सरकतो. आधीच्या साहेबांनी घेतले म्हणून आपणही घ्यायचे. सवय, दुसरं काही नाही. त्या पोराची मात्र मागच्या कंपनीतली वर्षं धरून दाव्याला लागणारी ईएसआयची दोन वर्षं पुरी होत असतात, आणि तुमच्या सवयीपायी त्याचा दावा अडतो.

आता तुम्ही नेहमी पुढे करता तो मुद्दा : “आम्ही त्यांच्या भल्यासाठीच करतो. काढलं असं लिहिलं तर पुढे नोकरी कोण देणार?” मला वाटतं, हे म्हणणारे निम्मे लोक ते मनापासून म्हणतात. म्हणून जरा सविस्तर उत्तर देते. शिस्तभंगाखाली काढणं वेगळं आणि काम संपलं म्हणून कमी करणं वेगळं. पहिल्याचा डाग लागतो, दुसऱ्याचा कशाला लागेल? ‘उत्पादन घटल्यामुळे हे पद बंद करण्यात आले. कामाबद्दल किंवा वागणुकीबद्दल कोणतीही तक्रार नव्हती,’ एवढी दोन वाक्यं तुमच्या लेटरहेडवर लिहून शिक्का मारून द्या. पुढच्या कंपनीतला तुमच्यासारखाच कुणी एचआरवाला ती वाचेल आणि त्याला नीट कळेल, कारण त्यानेही तसे प्रसंग पाहिलेले असतात. उलट, बरं चाललेलं काम भर महिन्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ सोडणाऱ्या माणसाकडेच इंटरव्ह्यूला संशयाने बघतात. भांडखोर असेल, टिकत नसेल, असं धरून चालतात. भलं करायचं तर ते हे पत्र देऊन करा.

कागदाचं झालं, आता कॉम्प्युटरचं. ईएसआयच्या मासिक रिटर्नची एक्सेल शीट तुमच्यापैकी ज्यांनी स्वतः भरली असेल त्यांना शेवटून दुसरा रकाना आठवत असेल. ज्या माणसाचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारणाचा आकडा द्यावा लागतो. 1 म्हणजे रजेवर. 2 म्हणजे लेफ्ट सर्व्हिस, नोकरी सोडली. 3 निवृत्त, 5 मयत. पुढे 9 म्हणजे संप किंवा लॉकआऊट, 10 म्हणजे रिट्रेंचमेंट, छाटणी. आणि 11, नो वर्क, कामच नाही. शेजारच्या रकान्यात कामाचा शेवटचा दिवस. एवढे पर्याय सरकारने देऊन ठेवलेत, तरी शीटमागून शीट उघडावी तर 2, 2, 2. बऱ्याचदा तर रकाना रिकामाच येतो आणि वर फोन : “टाका ना मॅडम तुम्हीच काहीतरी, दोन टाका.” दहा क्वचित. बाहेर बोर्ड लावून बंद झालेल्या युनिटच्या शेवटच्या शीटमध्येही मी दोनच पाहिलाय. सगळे कामगार एका महिन्यात आपणहून सोडून गेले, फक्त मालक उरला!

2020 मध्ये नियम बदलताना एक चांगली गोष्ट झाली. त्याआधी अटल योजनेचा दावा शेवटच्या मालकामार्फत जायचा, आणि ज्याने काढलं त्याच्याच दारात अर्ज घेऊन उभं राहायचं, हे किती जण करतील? तो नियम शिथिल करून दावा थेट शाखा कार्यालयात द्यायची सोय केली. नोकरी गेल्यावर दाव्यासाठी नव्वद दिवस थांबायचं होतं, ते तीस केले. स्टँप पेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची अटही नंतर काढली. म्हणजे मधून तुम्हाला बाजूला करायचा प्रयत्न झाला. पण तुमच्या रेकॉर्डमधला तो दोनचा आकडा काही बाजूला झाला नाही. दावा तपासायला कुणी रेकॉर्ड उघडलं तर तिथे तुमचीच साक्ष असते.

ठेकेदारी एजन्सीच्या मंडळींशी मला वेगळं बोलायचंय. तुमच्याकडे राजीनामा नोकरी जाताना घेत नाहीत, नोकरी लागतानाच घेतात. जॉइनिंगच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक कोरा कागद, ‘इथे खाली सही कर.’ तारीख सवडीने पडते. याबद्दल मी काही समजावून सांगायची गरज नाही. आपण काय करतोय ते तुम्हाला पक्कं कळतं. बंद करा, एवढंच.

पण तुमच्या आणखी एका पद्धतीचा परिणाम तुम्हालाही कदाचित दिसत नसेल. अकरा महिने झाले की ‘ब्रेक’ द्यायचा, महिन्याभराने त्याच माणसाला दुसऱ्या फर्मच्या नावावर घ्यायचं, आणि घाईत जुना नंबर विचारण्याऐवजी ईएसआयला नवी नोंदणी करून टाकायची. माझ्यासमोर एक वेल्डर बसला होता, त्याच्या पाकिटात तीन ई-पहचान कार्डं, तिन्हींवर दहा आकडी इन्शुरन्स नंबर वेगळा. गेट तेच, मशीन तेच, फोरमन तोच. अटल योजनेला हवीत बेकार होण्याआधीची किमान दोन वर्षं विमापात्र नोकरीत, आणि कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये किमान 78 दिवस भरलेले. मूळ नियमात हे 78 दिवस चारही पिरियडमध्ये लागायचे. शिथिल केल्यावर, लगतच्या पिरियडमध्ये आणि उरलेल्या तिनांपैकी एकात. अट तशी बेताची आहे, आणि तो माणूस पाच वर्षं काम करत होता. पण त्याची पाच वर्षं तीन नंबरांत वाटली गेलेली. एका नंबरावर बघावं तर दोन वर्षं कुठेच पुरी होत नाहीत. त्यात एका फर्मने सव्वीस दिवसांच्या महिन्यात बारा दिवस दाखवलेले, वर्गणी वाचवायला. तुम्ही त्या महिन्यांत त्याच्यामागे प्रत्येकी काही शे रुपये वाचवलेत. त्याचे 78 भरले नाहीत. नंबर एकत्र करून घेण्यासाठी त्याने जे हेलपाटे घातले त्यात ज्या मुकादमाकडे रोजंदारी मिळत होती तीही गेली.

नवीन माणूस घेताना ‘आधी कुठे ईएसआय होता का?’ हा एक प्रश्न विचारा. आधार नंबर घेताच आहात, जुना नंबरही घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

हिशोबाबद्दल थोडक्यात. ‘आधी राजीनाम्यावर सही, मग फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब),’ ही अट घालायचा तुम्हाला अधिकार नाही. 2019 च्या वेतन संहितेत काढलेला असो, छाटणी झालेला असो की सोडून गेलेला असो, त्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीही त्याच्या हक्काची, ती राजीनाम्यानेही मिळते आणि छाटणीनेही. स्वतःचेच पैसे मिळावेत म्हणून माणूस वाट्टेल त्या कागदावर सही करतो, आणि मग तुम्ही म्हणता, ‘त्याने स्वखुशीने दिला.’

पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख टाकायला तर तुम्हाला कारण नुसतं यादीतून निवडायचं असतं, तरी ती महिनोन् महिने पडत नाही. सदस्याला ती स्वतः टाकता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेल्यावर, आणि मोबाईल आधारला जोडलेला असेल तर. ते दोन महिने तो काय खाणार याचा विचार रिटर्न भरताना एकदा करा.

पांढरपेशा कंपन्यांच्या एचआरने हे वाचून ‘आमच्याकडे ईएसआय लागूच नाही’ म्हणून पत्र बाजूला ठेवू नये. महिना 21,000 च्या वर पगार गेला की ईएसआय नाही, हे खरं, आणि त्या रेषेच्या वरच्यांसाठी नोकरी गेल्यावर या देशात जवळजवळ काहीच नाही हेही खरं. ती मर्यादा 2017 च्या जानेवारीपासून जिथली तिथे धरलेली आहे, यावर कामगार मंत्रालयाला वेगळं पत्र लिहायला हवं. पण तुमच्याकडेही मीटिंग रूममध्ये बोलावून लॅपटॉप पुढे सरकवतात आणि ‘संध्याकाळपर्यंत सिस्टिममध्ये रिझाईन कर, नाहीतर टर्मिनेट दाखवू,’ असं सांगतात. गृहकर्जाबरोबर नोकरी गेल्यास हप्ते भरणारं विमा संरक्षण घेतलेले पुष्कळ लोक असतात. त्या पॉलिसीच्या अटी काढून वाचा. आपणहून दिलेल्या राजीनाम्याला तिथे सहसा संरक्षण नसतं. संध्याकाळपर्यंतच्या त्या एका क्लिकने त्याचा तोही आधार जातो.

बाहेरच्या जगातही या बाबतीत फारसं वेगळं नाही. जर्मनीत कुणी सबळ कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडली तर बेकारी भत्ता साधारण बारा आठवडे रोखून धरतात. अमेरिकेत राज्यं कंपनीला विचारतात, हा का गेला? बेकारीचा विमा जिथे जिथे आहे तिथे हा प्रश्न विचारला जातोच, आणि विचारायलाही हवा, नाहीतर कुणीही सोडून घरी बसेल. माझी तक्रार प्रश्नाबद्दल नाही. त्याचं उत्तर देणारा तुमच्याकडचा माणूस खोटं उत्तर देतो, याबद्दल आहे.

अर्ज भरताना काय होतं ते तुम्ही पाहत नाही, कारण तोवर तो माणूस तुमच्या गेटच्या बाहेर असतो. म्हणून सांगते. त्या नवांपैकी अंगठा देणाऱ्या बाई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलाने मोबाईलवर पोर्टल उघडलं होतं, लॉगिन झालं होतं, बँकेचं पासबुक आणि आधारची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणली होती. सगळं जमत आलं, आणि पोरगं नोकरी जाण्याच्या कारणापाशी थांबलं. त्याने आईकडे बघितलं. बाई मला म्हणाल्या, “ताई, खरं काय ते लिहायचं का कंपनीनं काय लिहिलंय ते?” मी म्हटलं, खरं. त्यांचा पुढचा प्रश्न, “मग माझ्या अंगठ्याचं काय?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुम्हाला कधी सुचलं तर कळवा.

आम्ही खरं कारण लिहिलं. लाईन बंद झाल्याची तारीख लिहिली, सोबत कमी केलेल्या आणखी आठ जणांची नावं जोडली, त्याच दिवशीच्या त्याच मजकुराच्या राजीनाम्यांचा उल्लेख केला. चुकलेली वेलांटी इथे उपयोगी पडली म्हणायची. दावा दाखल झाला. पुढे त्याचं जे व्हायचं ते होईल. पण एका ओळीच्या पत्राने जे झालं असतं त्यासाठी दोन पानं पुरावा गोळा करावा लागला, आणि उरलेल्या आठांपैकी बहुतेकांनी ‘कुठे नादी लागता’ म्हणून अर्जच केला नाही.

जाणाऱ्या माणसाला आणखीही काही सांगता येईल तुम्हाला. 78 दिवस भरलेले असतील तर नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ईएसआयचा दवाखाना बंद होत नाही. चालू बेनिफिट पिरियड, म्हणजे त्या वर्गणीवर लाभ मिळण्याचा काळ, संपेपर्यंत औषधपाणी मिळतं. हे बहुतेकांना माहीत नसतं, लोक कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून खासगी डॉक्टरकडे उधारी करतात. इन्शुरन्स नंबर, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), कामाचा शेवटचा दिवस आणि खरं कारण, एवढं एका कागदावर लिहून शिक्का मारून हातात द्या. तो कागद बनवून देण्याचे मी कुणाकडूनही पैसे घेणार नाही, माझ्या क्लायंटकडून नाही आणि इतरांकडूनही नाही. नमुना मागा, पाठवते.

आणि माझ्या क्लायंट मंडळींसाठी : या महिन्याचं चलन नेहमीप्रमाणे 15 तारखेच्या आत भरायचं आहे. शीट दोन दिवस आधी पाठवा आणि कारणाचा रकाना भरून पाठवा. रिकामा आला तर मी ‘दोन’ टाकणार नाही. फोन करून विचारेन, आणि तुम्ही ‘दोन’ म्हणालात तर त्या माणसाचा मोबाईल नंबर मागून घेईन.

आपली,
एक पीएफ-ईएसआय सल्लागार